दोन रुपयांची हमी ते प्लेटलेटचे बिल: वाशीम, डेंग्यू आणि आपला आरोग्याचा हक्क

दर पावसाळ्यात वाशीम जिल्ह्यात एकच बातमी फिरत असते. अमुक गावात तापाची साथ, तमुक वस्तीत डेंग्यूचे संशयित रुग्ण, प्रशासनाकडून धूरफवारणी, नागरिकांना स्वच्छता राखण्याचे आवाहन. बातमी संपते. मात्र ज्या घरात ताप आला, त्या घराचा हिशेब तिथून सुरू होतो. शेळी विकली जाते, कानातले गहाण पडते, बचत गटाचे कर्ज दवाखान्यात जाते आणि दिवाळीनंतर त्याचा हप्ता उभा राहतो.

हा हिशेब कुणी मांडत नाही. डेंग्यू हा डासांचा आजार म्हणून शिकवला जातो, म्हणून दोष डासाचा किंवा मग डास होऊ देणाऱ्या गरिबाचा. मित्रांनो, डास चावतो हे खरे. पण तापाचे हजारो रुपयांच्या कर्जात रूपांतर डास करत नाही. ते काम पाणी आणि दवाखाना या दोन गोष्टींच्या वाटपाने केलेले आहे, आणि या दोन्ही गोष्टींचे वाटप या देशात शतकानुशतके जातीने ठरवले. म्हणून डेंग्यूच्या बिलाकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले पाहिजे.

पाणी साठवतो कोण?

डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले साठवलेले, स्वच्छ, स्थिर पाणी लागते. टिपाड, रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, टायर ही त्याची घरे. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खाते सांगते की आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून ठेवा.

सल्ला शास्त्राला धरून आहे. पण तो पाळणार कोण? ज्याच्या घरी रोज नळ येतो, त्याला कोरडा दिवस परवडतो. ज्या वस्तीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तिथे सातव्या दिवशी टिपाडात उरलेले पाणी ओतून देणे म्हणजे लेकरांना तहानलेले ठेवणे. डास वाढायला जितके दिवस लागतात, तितकेच दिवस नळाची वाट पाहावी लागते. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसला की डेंग्यू होतो. दुसरे वेळापत्रक निसर्गाचे नाही, ते नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे आहे. गावात पाइपलाइन कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हे एकदा चालत जाऊन पाहा. बहुतेक गावांत शेवटचे टोक आपल्याच वस्तीत सापडेल.

पाण्याच्या या प्रश्नाला आपल्याकडे एक तारीख आहे: 20 मार्च 1927. महाडचे चवदार तळे. त्याआधी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असे कागदावर लिहिले गेले. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केले, तेही कागदावरच. प्रत्यक्ष ओंजळ भरायला बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना तिथपर्यंत चालत जावे लागले, मार खावा लागला आणि कोर्टाचा अंतिम निकाल हाती यायला 1937 साल उजाडले. हक्क कागदावर असणे आणि पाणी ओंजळीत असणे, यांत किती अंतर असते हे महाडने शिकवले.

2019 मध्ये जल जीवन मिशन जाहीर झाले. ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ, माणशी रोज 55 लिटर पाणी, असे त्याचे उद्दिष्ट. नळाची तोटी बसली की कागदावर घर 'जोडले' जाते. तोटीतून रोज पाणी येते का, हा आजचा महाडचा प्रश्न आहे. पाणी रोज आले तर टिपाड लागणार नाही. टिपाड नसेल तर डासाचे घर जाईल.

बाशीम जिल्हा गेला, त्याबरोबर काय गेले?

आता दवाखान्याकडे वळू. वाशीमचा इतिहास सांगणारे वाकाटकांच्या वत्सगुल्मापासून सुरुवात करतात. राजांची राजधानी होती, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण सामान्य माणसाच्या जगण्यामरण्याचा इतिहास त्यानंतरचा आहे.

1853 च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्या वऱ्हाडात 'बाशीम' हा स्वतंत्र जिल्हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लागोपाठ दुष्काळ पडले आणि दुष्काळापाठोपाठ रोगराई आली. 1891 ते 1901 या दहा वर्षांत बाशीम जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे 11 टक्क्यांनी घटली. उपाशी शरीरावर रोग आधी झडप घालतो. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, धान्याचे पेव नव्हते आणि विहिरीवर हक्क नव्हता, त्यांच्यावर काय गुजरले असेल, हे सांगायला वेगळ्या इतिहासकाराची गरज नाही.

1905 मध्ये इंग्रज सरकारने बाशीम जिल्हाच मोडला. त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळमध्ये वाटले गेले. जिल्हा परत यायला 1 जुलै 1998 उजाडला. मधली 93 वर्षे वाशीम हे दुसऱ्या जिल्ह्याचे टोक होते. आपल्याकडे मोठे सरकारी रुग्णालय जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि तज्ज्ञ डॉक्टरही तिथेच बसतात. त्यामुळे वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथल्या रुग्णाला 'अकोल्याला न्या' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले. वाशीम ते अकोला अंतर सुमारे 80 किलोमीटर. पैसेवाल्यासाठी हा दीड-दोन तासांचा प्रवास आहे. मजुरासाठी गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि परक्या शहरातला मुक्काम असे तीन खर्च त्यात आहेत, तेही उपचार सुरू होण्याआधीच.

2018 मध्ये नीती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादसोबत वाशीमचे नाव आले. आधी मागास ठेवायचे आणि मग गोड नाव द्यायचे, ही जुनी रीत आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 12 लाख होती. त्यात जवळपास पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा. म्हणजे जिल्हा मागास ठेवला जातो, तेव्हा कोण मागे राहते हे वेगळे सांगायला नको.

दोन रुपयांची हमी

साथीच्या रोगात आपल्या माणसांशी व्यवस्था कशी वागली, याच्या दोन नोंदी प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवाव्यात.

पहिली 1897 ची. पुण्यात प्लेग होता. इंग्रज सरकारने त्याच वर्षी साथरोग कायदा आणला, ज्यात रुग्णाच्या हक्कांपेक्षा सरकारच्या अधिकारांचीच भाषा होती. आणि त्याच वर्षी सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन हडपसरजवळ डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोहोचल्या. पोरगा वाचला, सावित्रीमाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. रुग्णवाहिका म्हणजे काय, रुग्ण नेण्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर त्या पाठीने दिले होते.

दुसरी नोंद बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये केली आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते, ते त्यांनी तिथे दिले. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या नगरशेटने फीच्या दोन रुपयांची हमी घेतली, तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर. बाळंतिणीला उचलून बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाकडे दिले, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच साखळीने ते परत गेले. अंगाला हात न लावता निदान झाले: न्यूमोनिया. बाई वाचली नाही.

ही नोंद पुन्हा वाचा. तिच्यात दोन अटी आहेत. एक विटाळाची, दुसरी दोन रुपयांच्या हमीची. पहिली अट राज्यघटनेच्या कलम 17 ने गुन्हा ठरवली. दुसरी अट तशीच राहिली, एवढेच नव्हे तर ती मोठी झाली. आज दवाखान्याच्या काउंटरवर जात विचारत नाहीत, ॲडव्हान्स विचारतात. आणि ॲडव्हान्स कुणाच्या खिशात नाही, हे जातीच्या इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

सप्टेंबर 2015 मध्ये देशाच्या राजधानीत डेंग्यू झालेल्या सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन आईबाप एका खासगी रुग्णालयातून दुसऱ्याकडे फिरले. मुलगा गेला आणि त्या आईबापाने आत्महत्या केली. देश हादरला तेव्हा दिल्ली सरकारने डेंग्यूच्या चाचणीचा दर 600 रुपयांवर बांधला. म्हणजे दर बांधता येतात. त्यासाठी आधी तीन जीव जावे लागले.

बाबासाहेबांनी काय मांडले होते?

आरोग्य हा बाबासाहेबांचा विषय नव्हता असे समजणाऱ्यांनी 1942 ते 1946 हा काळ वाचावा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर सदस्य होते. त्यांच्या खात्याच्या काळात, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. 1944 मध्ये अहवाल आला आणि त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला.

या कायद्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तो फक्त औषधाचा विचार करत नाही. आजारपणात बुडालेल्या मजुरीचाही विचार करतो. आज या योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. आजाराचा खर्च म्हणजे औषध अधिक बुडालेली मजुरी, हा हिशेब त्या कायद्याने मान्य केला.

त्याच काळात भोर समिती नेमली गेली. 1946 च्या तिच्या अहवालाचा पाया असा होता की पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडता कामा नये. घटनेच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. 1996 मध्ये पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला शेतमजुरांच्या संघटनेने लढला होता, हे विसरू नका.

आता वाशीमच्या शेतमजुराकडे पाहा. डेंग्यूचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि सोयाबीनचे निंदण व सोंगणी याच महिन्यांतली. वर्षातली बरीचशी कमाई याच दिवसांत होते. ताप सात दिवसांत उतरतो, पण अशक्तपणा दोन-तीन आठवडे उठू देत नाही. आजारी एक, घरी किंवा दवाखान्यात बसणारा दुसरा, म्हणजे दोन मजुऱ्या गेल्या. कारखान्यातल्या कामगाराला मिळालेले आजारपणाचे संरक्षण उन्हात सोयाबीन सोंगणाऱ्या बाईपर्यंत आजही पोहोचलेले नाही. बाबासाहेबांच्या खात्यात सुरू झालेले काम अर्ध्यावर थांबले ते इथे.

डेंग्यू गावात आला, सरकारी वहीत आला नाही

डेंग्यू शहराचा आजार आहे, असे अजूनही बोलले जाते. पण शेजारच्या परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या डेंग्यूच्या उद्रेकाचा अभ्यास 1991 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. 1996 मध्ये दिल्लीत 10 हजारांवर रुग्ण आणि 400 वर मृत्यू झाले, तेव्हा देशाने डेंग्यू हा शब्द ऐकला. 2006 मध्ये चिकुनगुनियाने मराठवाडा-विदर्भातली गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली. तो पसरवणारा डासही हाच. म्हणजे गावात डास पोहोचल्याचा पुरावा तेव्हाच मिळाला होता.

सरकारी आकडा आणि वास्तव यांतले अंतर किती? डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की 2006 ते 2012 या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे 58 लाख लोकांना डेंग्यूचा आजार झाला. सरकारी नोंदीच्या 282 पट! या रुग्णांच्या उपचारावर थेट खर्च वर्षाला सुमारे 54.8 कोटी डॉलर. त्यातला 80 टक्के पैसा खासगी दवाखान्यांत गेला. दाखल झालेले रुग्ण एक तृतीयांशच होते, पण 82 टक्के खर्च त्यांच्यावर झाला.

नोंद इतकी कमी का होते? सरकारी कार्यक्रमात एलायझा पद्धतीची चाचणीच ग्राह्य धरली जाते. गावाकडच्या लॅबमध्ये होते ती बहुधा झटपट कार्डाची चाचणी. म्हणजे त्या कार्डाच्या भरवशावर पैसे घेतले जातात, पण त्या रुग्णाची सरकारी वहीत डेंग्यू म्हणून नोंद होत नाही. आणि वहीत रुग्ण नसेल, तर त्या गावाला औषध, कर्मचारी आणि निधी कशाच्या आधारावर मिळणार?

बिल कसे फुगते?

डेंग्यूवर विषाणू मारणारे खास औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी-पेज, विश्रांती आणि डॉक्टरची नीट देखरेख, यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळायचे असते. खरा धोका ताप उतरतो त्या दिवसांत असतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, रक्तस्राव, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, ही लक्षणे दिसली की क्षणाचाही उशीर न करता रुग्णालय गाठायचे.

म्हणजे वेळेवरचा, जवळचा, साधा उपचार हा इथला कळीचा मुद्दा. नेमका तोच मिळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब किंवा डॉक्टर जागेवर नाही, म्हणून पहिले दोन दिवस गावातल्या इंजेक्शन-सलाईनवर जातात. तिसऱ्या दिवशी लॅब. मग रोज प्लेटलेटची मोजणी. आकडा एक लाखाखाली आला की घरात रडारड आणि 'ॲडमिट करा'. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट 10 हजारांच्या खाली जाईपर्यंत पिशव्या चढवण्याची सहसा गरज नसते. ही गोष्ट नातेवाइकाला कुणी सांगत नाही. त्याच्या हातात फक्त घसरणारा आकडा असतो आणि भीतीला भाव मिळतो. त्या दिवसांत बाजारात किवी आणि पपईच्या पानांचाही भाव वाढतो.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, बाळंतपण सोडून, दाखल झाल्यावरचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात 4,452 रुपये आणि खासगीत 31,845 रुपये होता. सात पटींचे अंतर! समजा, मजुरी रोज 300 रुपये आहे. तर खासगी दवाखान्यातला एक मुक्काम म्हणजे 106 दिवसांची मजुरी. आणि सरकारी रुग्णालयातही खर्च शून्य नव्हता, हेही पाहा.

जोतिबांचे नाव आणि योजनेचे दार

'योजना आहे ना', असे उत्तर लगेच येते. 2012 मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेला 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. नंतर ती आयुष्मान भारतशी जोडली आणि कुटुंबामागे संरक्षण 5 लाखांपर्यंत नेले. योजनेने अनेकांचे प्राण वाचवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिची रचना पाहा. ती दाखल झालेल्या रुग्णासाठी, ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांसाठी आहे. दाखल होण्याआधीचे इंजेक्शन, रोजची रक्ततपासणी, गाडीभाडे, बुडालेली मजुरी तिच्या बाहेर. डेंग्यूचे बहुसंख्य रुग्ण तर दाखलच होत नाहीत. जोतिबांचे नाव योजनेला मिळाले; जोतिबांनी स्वतःचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, ती वृत्ती योजनेच्या दाराशी दिसायला हवी.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण तो वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. म्हणजे वाशीमहून अकोल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलेला रुग्ण त्या मोफतच्या कक्षेबाहेर जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आनंदाची गोष्ट आहे. मात्र अशा महाविद्यालयांना जिल्हा रुग्णालय जोडले जाते. तेव्हा आपला प्रश्न आजच विचारून ठेवायला हवा: आज मोफत मिळणारा उपचार उद्याही मोफत राहणार, याची लेखी हमी कोण देणार?

आपण काय करायचे?

काही जण म्हणतील, प्रत्येक गोष्टीत जात कशाला? डास जात पाहून चावत नाही. बरोबर आहे, डास जात पाहत नाही. पाइपलाइन, रस्ता, नोकरी आणि जमीन यांचे वाटप मात्र जात पाहून झाले. डेंग्यू बंगल्यातही होतो. पण बंगल्यातला माणूस आठवड्याने कामावर जातो आणि वस्तीतला माणूस वर्षभर हप्ते भरतो. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याला आजार समजला असेल, समाज समजलेला नाही.

तेव्हा जयंतीच्या वर्गणीइतक्याच शिस्तीने या पावसाळ्यात काही कामे हाती घेऊ या.

पहिले, मोजणी. बाबासाहेब साउथबरो समितीपुढे आणि सायमन कमिशनपुढे गेले ते आकडे घेऊन. वस्तीत किती घरांत ताप आला, कुठे उपचार घेतले, किती खर्च झाला, किती दिवस मजुरी बुडाली, कर्ज कुणाकडून काढले, याची वही ठेवा. बिले जपा. नळ कोणत्या तारखेला आला, हेही लिहा.

दुसरे, ग्रामसभा. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिचा निधी कुठे गेला, अळीनाशक कधी टाकले, गप्पी मासे कुठे सोडले, हे ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार आहे.

तिसरे, खासगी दवाखाना. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी 2021 मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रुग्ण अकोला, नागपूर किंवा संभाजीनगरला गेला तर आपल्यातले दोघे सोबत जा, आणि भांडण न करता कागद समोर ठेवा.

चौथे, मागणी. रोज पाणी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हजर डॉक्टर, तालुक्याच्या ठिकाणी मोफत रक्ततपासणी आणि शेतमजुराला आजारपणात मजुरीची भरपाई. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले होते. त्या वचनाचा हिशेब मतदार म्हणून आपणच मागायचा आहे.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीवर लिहितो. तापाने फणफणलेल्या वस्तीत त्याचा अर्थ असा की आजार समजून घ्या, बिले एकत्र करा आणि ती वही घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर जा. 1929 च्या त्या शिक्षकासाठी हमी भरायला नगरशेट लागला होता. आज आपल्याला कुणाची हमी नको. हमी घटनेने दिलेली आहे, तिची वसुली तेवढी बाकी आहे.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!